शाळेच्या पातेल्यात गावची भाजी : मधलं काम कोणी करायचं?

माळरान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या महिला बचत गटांच्या ग्रामसंघाचं हिशेबाचं काम मी बघते. गेल्या हंगामापासून ग्रामसंघ गावातल्या शेतकऱ्यांची भाजी आसपासच्या जिल्हा परिषद शाळांना पोषण आहारासाठी पुरवतो. त्यात जे दिसलं ते मांडावं आणि बाकी ठिकाणी कोण काय करतंय ते विचारावं, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण शहरातल्या बऱ्याच जणांना वाटतं की सगळं साहित्य सरकारच शाळेच्या दारात आणून टाकतं. 15 ऑगस्ट 1995 ला योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे हजेरी भरली की मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला आणि शाळेत चूल आली. 2021 पासून केंद्राच्या कागदावर नाव पीएम पोषण. पोरांच्या तोंडी अजून खिचडीच. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. डाळी, कडधान्यं, तेल, तिखट-मीठ-हळद ठेकेदार पोचवतो. ग्रामीण शाळेच्या हातात खरेदीसाठी उरतो तो भाजीपाला, इंधन आणि पूरक आहार. गावच्या शेतातून शाळेच्या पातेल्यात जायची वाट काय ती एवढीच.

आता हिशेब. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला 75 ग्रॅम. प्राथमिकची 120 मुलांची शाळा धरली तर रोजचे सहा किलो. व्यापाऱ्याला सहा किलो म्हणजे काहीच नाही, आणि गुरुजींना मात्र रोजची कटकट. शेतकरी तयार असतो, शाळा तयार असते. अडतं कुठे, तर या सहा किलोची ने-आण कोण करणार, उधारी कोण सोसणार आणि पावती कोण फाडणार इथे. गट असो, ग्रामसंघ असो, शेतकरी कंपनी असो की तरुण मंडळ, गावातल्या संस्थेचं खरं काम हेच आहे असं माझं मत झालंय. बियाणं वाटप, प्रभातफेरी, बॅनरपुढचे फोटो यांना माझी हरकत नाही, पण त्याने पातेल्यात भाजी पडत नाही.

तुमच्याकडे कोण करतंय? कसं करतंय?

साळुंकी

वाचतेय. चांगला विषय घेतलात ताई.

खडूफळा

मुख्याध्यापक आहे, त्यामुळे मोह आवरत नाही. ताई, तुम्ही उधारीचं म्हणालात तिथूनच सुरू करतो.

अनुदान ऑनलाइन येतं, पण वेळेवर येईल याची खात्री नाही. कधी महिन्यांचा खंड पडतो. तोवर भाजी रोज लागतेच. मग मुख्याध्यापक खिशातून भागवतो किंवा दुकानदाराकडे खातं चालवतो. खातं एकदा चाललं की दुकानदार देईल ते घ्यायचं. उन्हाळ्याच्या तोंडावर आलेले कोबीचे पिवळे गड्डे आम्ही बिनबोभाट घेतलेत, कारण मागची बाकी होती.

दुसरं, पावती. आमच्या आठवडी बाजारात मावशी वांगी वाट्यावर विकतात. दहाला एक वाटा. आमच्या नोंदवहीत रकाना किलो आणि ग्रॅमचा. मावशीकडे काटा नाही, पावती नाही, आणि तपासणीला आलेला माणूस विचारतो व्हाउचर कुठंय. म्हणून चांगली, ताजी, गावचीच भाजी समोर असून शिक्षक तालुक्याच्या दुकानातून घेतो. तिथे शिक्का मिळतो.

तिसरं, हजेरी. बाजाराचा दिवस, लग्नसराई, ऊसतोड सुरू झाली की पट एक आणि ताटं वेगळीच. सहा किलो सांगितले आणि ऐंशीच पोरं आली तर उरलेल्या दोन किलोचं काय करायचं?

हे तीन प्रश्न सोडवणारी संस्था दाखवा, मी उद्यापासून गावची भाजी घेतो.

दोन एकर

गुरुजींचं ऐकलं, आता आमचंबी ऐका.

किलोला चाळीस रुपये धरा. सहा किलोचे झाले दोनशे चाळीस. त्यासाठी मी पहाटे तोडणी करायची, नऊच्या आत शाळेवर टाकायची, पेट्रोल माझं, आणि पैसे कधी तर अनुदान आल्यावर. बाजार समितीत मला आडत्या संध्याकाळी पट्टी देतो. भाव पडला तर पडला, पण पैसा हातात येतो. 2016 पासून फळं-भाजी बाजार समितीबाहेर विकायला मोकळीक आहे हे मला ठाऊक आहे, मोकळीक आहे म्हणून गिऱ्हाईक रोखीचं होत नाही राव.

आणखी एक. शाळेला पाहिजे तेव्हा माझ्याकडे भाजी नसते आणि माझ्याकडे ढीग असतो तेव्हा शाळेला सुट्टी असते. दिवाळीच्या आसपास रान भाजीने भरलेलं असतं आणि शाळा बंद. आमच्याकडे जून-जुलैत शाळा भरते तेव्हा पावसाळी वेलाला फूल धरायचं असतं.

आणि हो, 'शाळेलाच द्यायचीय, चालतंय' म्हणून काही जण किडकं वांगं खपवतात. आमच्यातलेच आहेत. ते आधी थांबलं पाहिजे.

माळरान

गुरुजी, दोन एकर दादा, दोघांनी मिळून माझा अर्धा लेख लिहून टाकला. आमच्याकडे काय बसलं ते सांगते.

एकेका शाळेचे सहा किलो असा विचार सोडला. शिक्षण विभागाचं जे केंद्र असतं, दहाबारा शाळांचं, ते धरलं. सगळ्या शाळा अजून आलेल्या नाहीत, पण ज्या आल्या त्यांची मिळून रोजची मागणी दोन-तीन क्रेट होते. आता शेतकऱ्याला तोडणी परवडते आणि एक फेरी मारणाऱ्या रिक्षावाल्याचंही भाडं निघतं. एका दिवशी सगळ्या शाळांना एकच भाजी. सोमवारी भोपळा तर सगळीकडे भोपळा. मुलं कुरकुरतात, पण तोलायला, वाटायला सोपं जातं.

उधारी ग्रामसंघाने आपल्या अंगावर घेतली. म्हणजे ग्रामसंघाच्या निधीतून एक रक्कम फक्त या कामासाठी बाजूला काढली. शेतकऱ्याला दर शनिवारी पैसे. शाळेकडून अनुदान येईल तेव्हा ते ग्रामसंघाच्या खात्यात. मधला काळ आम्ही सोसतो. हे बोलायला सोपं आहे, बैठकीत पास करून घ्यायला नाही. बायकांनी महिन्याला शंभर-शंभर टाकून जमवलेला पैसा आहे तो. 'सरकारने बुडवलं तर?' हा प्रश्न पहिल्या बैठकीत आला आणि तो रास्तच होता. शेवटी मर्यादा ठरवली: एका शाळेची बाकी ठरलेल्या रकमेपुढे गेली की पुरवठा थांबवायचा आणि शाळा व्यवस्थापन समितीला लेखी कळवायचं. एका शाळेबाबत तशी वेळ आली. समितीच्या बैठकीत ते पत्र वाचल्यावर पालकांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारणा केली. समितीत 75 टक्के पालक असावे लागतात, कायद्यानेच. त्यांच्या विचारण्याला वजन असतं. एकट्या मुख्याध्यापकाच्या स्मरणपत्राला नसतं.

पावती ग्रामसंघाची, छापील, क्रमांकासह. वजन आमच्या काट्यावर.

हजेरीचं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर गुरुजी अंदाज टाकतात. चुकतो. उरलं तर दुधी, भोपळा, बटाटा दुसऱ्या दिवशी चालतो, पालेभाजी वाया जाते.

चुलीपाशी

माझी आई शाळेत स्वयंपाकी तथा मदतनीस आहे. या धाग्यात अजून तिच्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

ताजी गावची मेथी, ऐकायला छान वाटतं. सहा किलो मेथी म्हणजे मुळांसकट, मातीसकट जुड्यांचा ढीग. तो सोडायचा, निवडायचा, तीन पाण्यांतून काढायचा. आई आणि तिच्या जोडीदारणी मिळून तिघी. शंभरावर मुलं असलेल्या शाळेला नियमाने तेवढ्याच मिळतात: पंचवीसपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन, पुढे प्रत्येक शंभराला एक. भात, आमटी, भाजी, शिवाय भांडी आणि ओटा त्यांनाच. मानधन महिन्याला अडीच हजार. मेथीच्या दिवशी आई आठला घरून निघते, एरवी साडेनऊला. त्या दीड तासाचे पैसे कोण देतं? कोणी नाही.

आणि निवडल्यावर सहा किलोची तीन-साडेतीन किलो उरते. मग 50 ग्रॅमचं काय झालं? कागदावर मुलाला 50 मिळाले, ताटात तीसही नाहीत.

बाहेरच्या संस्था येतात, पौष्टिक पाककृतींचं पुस्तक देऊन जातात. नाचणीचं हे करा, शेवग्याचं ते करा. करतील हो, पण हात वाढवून द्या.

माळरान

चुलीपाशी, हे वाचून गप्पच बसले थोडा वेळ. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

आमच्याकडे पालेभाजी आठवड्यातून एकदाच ठेवलीय आणि ती निवडूनच जाते. गटातल्या दोघी आदल्या दिवशी दुपारी निवडायला बसतात, त्यांना किलोमागे मजुरी. ती मजुरी भाजीच्या दरात धरली आहे, म्हणून आमची मेथी बाजारापेक्षा महाग दिसते. एका गुरुजींनी त्यावर आक्षेपही घेतला होता. पण वजन निवडलेल्या भाजीचं लावलं की फरक फारसा राहत नाही, हे त्यांना काट्यावरच दाखवलं. बाकीचे दिवस दुधी, लाल भोपळा, दोडका, गवार, कोबी. गवारीच्या शिरा काढायला पुन्हा वेळ जातो, तेव्हा तीही कमीच.

उत्तरवारा

परदेशातून लिहितोय, थोडं वेगळं. अमेरिकेत याला फार्म टू स्कूल म्हणतात. 2010 च्या बाल-पोषण कायद्यात त्यासाठी अनुदानाची तरतूद झाली, आणि नॅशनल फार्म टू स्कूल नेटवर्कसारख्या संस्था शाळा आणि शेतकरी यांची गाठ घालून देतात. इथेही अडचण तीच आहे: लहान शेतकऱ्याचा माल गोळा करायचा, धुवायचा, कापायचा, थंड ठेवायचा आणि शाळेच्या गाडीच्या वेळेत पोचवायचा. त्यासाठी मधे 'फूड हब' नावाची संस्था असते, बहुतेक वेळा ना-नफा. मार्च 2025 मध्ये कृषी खात्याने शाळांना स्थानिक माल घेण्यासाठी द्यायचे सुमारे 66 कोटी डॉलर एका झटक्यात रद्द केले. त्या पैशाच्या भरवशावर पेरणी ठरवलेले शेतकरी अडकले.

ब्राझीलचं उदाहरण मला जास्त आवडतं. तिथे 2009 च्या कायद्याने शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान 30 टक्के कुटुंब-शेतीतून खरेदी करायला लावले. अनुदान येतं-जातं, कायदा असला की शेतकरी सहकारी संस्था काढायची हिंमत करतो. आपल्याकडे असं काही आहे का?

माळरान

पीएम पोषणच्या 2021 च्या केंद्रीय निर्णयात शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना सहभागी करून घ्या असं म्हटलंय. टक्का नाही, सक्ती नाही. 'प्रोत्साहन द्यावे' या थाटात.

कोरडवाहू

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं कडू बोलतो. राग मानू नका.

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं सुरू केलं, न खाणाऱ्याला केळं. मुलं खूश होती. जानेवारी 2025 मध्ये सांगितलं, अंडी आणि साखरेला वेगळा पैसा नाही, लोकवर्गणीतून करा. म्हणजे काय झालं? जे मुलाच्या हक्काचं होतं ते गावाच्या दानतीवर आलं. गाव सधन असेल तर अंडं, नसेल तर नाही. आणि ज्या गावात वर्गणी निघत नाही तिथल्याच पोरांना अंड्याची जास्त गरज.

आता तुमचा ग्रामसंघ. बायकांच्या बचतीतून सरकारची उधारी फिरवताय. हे कौतुकाचं आहे की अन्यायाचं? 1 मे 2025 पासूनचा दर बघा: प्राथमिकला मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे, उच्च प्राथमिकला 10 रुपये 17 पैसे. त्यात डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन सगळं. तेवढे पैसेसुद्धा वेळेवर द्यायचे नाहीत, आणि ते ओझं गावातल्या सगळ्यात कमी पैसेवाल्या संघटनेने उचलायचं. तुम्ही जितकं नीट चालवाल तितकी वरच्यांना उशीर करायची सवय लागेल.

अजून एक. 'लोकसहभाग' म्हटला की कोण सहभागी होतं? वाढदिवसाला शाळेत स्नेहभोजन घालणारे, पाटीवर नाव लावणारे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2004 मध्ये स्वयंपाकाच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना प्राधान्य द्या असं सांगितलं. कशासाठी सांगावं लागलं ते सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या ग्रामसंघात भाजी कोणाकडून घेतात? ज्याच्याकडे विहीर त्याच्याकडून. भूमिहीन बाईचं काय?

खडूफळा

कोरडवाहू, अंड्याबद्दल शंभर टक्के. आमच्या समितीच्या बैठकीत वर्गणीचा विषय निघाला तेव्हा जे पालक सगळ्यात गरीब, तेच मान खाली घालून बसले होते. ते दृश्य मला नको वाटतं.

पण उशीर होतो म्हणून गावाने हात झटकले तर पोरांच्या ताटात दुकानदाराचा पिवळा कोबीच येणार. त्यालाही काय अर्थ आहे?

परसदार

गाडी परसबागेकडे वळवतो. आमच्या शाळेत परसबाग आहे, तालुक्याच्या स्पर्धेत नंबरही आलाय. पण ती पुरवठ्यासाठी आहे या भ्रमात कोणी राहू नये. एक गुंठा पालक चांगला साधला तर हंगामाला शंभरेक किलो निघतो. शंभर मुलांना रोज पाच किलो धरले तर वीस दिवसांची भाजी. आणि ती सगळी एकदम तयार होते.

मग करायची कशाला? कारण दोडका खायला नाही म्हणणारं पोर स्वतः लावलेल्या वेलाचा दोडका खातं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे वाल, घेवडा, दोडका, शेवग्याची चार झाडं, कढीपत्ता आणि लिंबू आहे. कढीपत्ता आणि लिंबू ही दोन झाडं रोज खऱ्याखुऱ्या उपयोगाची, बाकी शिक्षण.

बियाणं गावठी घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी देशी वाणांची बियाणं बँक उभी केली, 2020 ची पद्मश्री त्यांना मिळाली. गावठी वाणाचं बी पुढच्या वर्षी मुलंच धरून ठेवतात, दरवर्षी पाकीट विकत आणावं लागत नाही.

परसबाग मरते ती मे महिन्यात. पाणी घालायला कोणी नसतं, आणि कुंपण मोडलं की शेळ्या. इथे मात्र गावच्या मंडळाचा खरा उपयोग. गणपती मंडळाच्या पोरांनी सुट्टीभर पाळी लावली आणि कुंपणाला जुनी मासेमारीची जाळी बांधली, तेव्हा कुठे बाग टिकली.

दोन एकर

मासेमारीची जाळी भारी! रानात डुकरांना पण चालते बरं का.

पथ्यपाणी

आहारतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी. गावची भाजी म्हणजे सुरक्षित भाजी असं समीकरण नाही. कीटकनाशकाच्या लेबलवर प्रतीक्षा काळ लिहिलेला असतो, म्हणजे फवारणीनंतर इतके दिवस तोडणी नाही. वांगी, भेंडी, फ्लॉवर यांत तो पाळला जातो का हे विचारा. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामण गावी शाळेचं जेवण खाऊन 23 मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. तिथे भाजीचा दोष नव्हता, पण कीटकनाशक आणि अन्न एका छताखाली आलं की काय होतं ते सगळ्या देशाने पाहिलं. तेव्हा रिकामा औषधाचा डबा, कॅन भाजी नेण्यासाठी कुठल्याही परिस्थितीत वापरायचा नाही. हे लिहावं लागतंय कारण वापरतात.

पालेभाजी नाल्याच्या पाण्यावरची नको. चिरण्याआधी धुवायची, चिरल्यावर नव्हे. वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन नोंद करायची असते, ती खरोखर चाखून करा, आठवड्याच्या सह्या एकदम नको.

आणि परसदार म्हणाले त्या लिंबाला माझा जोरदार पाठिंबा. डाळीत शेवग्याचा पाला आणि वरून लिंबू, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. शेवग्याचा पाला निवडायलाही मेथीपेक्षा बरा, फांदी हातात धरून ओरपली की झालं. चुलीपाशी, आईंना विचारून सांगा खरं की खोटं.

चुलीपाशी

विचारलं. म्हणाली ओरपायला सोपा आहे पण बारीक काड्या राहतात, त्या पोरांच्या घशाला टोचतात. कोवळा पाला असेल तरच पाठवा.

गल्लीबोळ

शहरातून. आमच्याकडे केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात, निविदा निघते, त्यात अटी अशा की छोटा गट टिकणं कठीण. शाळेत भाजीचा प्रश्नच नाही, झाकण उघडायचं आणि वाढायचं. आमच्या सोसायटीतल्या काही जणींनी थेट शेतकरी गटाकडून आठवड्याला फळं घेऊन पालिकेच्या शाळेत द्यायला सुरुवात केली. देणगीच ती, त्याला व्यवस्था म्हणता येणार नाही. कोरडवाहूंच्या यादीत आम्ही बहुधा पाटीवर नाव लावणाऱ्यांत येऊ. पाटी लावलेली नाही, एवढंच.

माळरान

कोरडवाहूंना उत्तर द्यायचं राहिलं होतं. मुद्दाम थांबले, कारण प्रश्न टाळण्यासारखा नाही.

विहीरवाल्यांबद्दल. बरोबर आहे, सुरुवातीला भाजी पाणीवाल्यांचीच आली. नंतर ठरवलं की दर आठवड्याच्या मागणीतला ठरावीक हिस्सा गटातल्या कमी जमिनीच्या आणि भूमिहीन बायकांकडूनच घ्यायचा. भूमिहीन बाई भाजी कुठून देणार? बांधावरचा शेवगा, घराच्या कुडावरचा भोपळा-दोडका, दोघी-तिघींनी मिळून खंडाने घेतलेला तुकडा. त्यांचा माल एकसारखा येत नाही, कधी चार किलो कधी पंधरा. म्हणून बाकीचा भरणा विहीरवाल्यांकडून. यात वाद होतात. एका शेतकऱ्याने 'माझा दोडका सडतोय आणि तुम्ही तिचा घेताय' म्हणून ग्रामसभेत विषय काढला. उत्तर हेच की नियम आधीपासून लिहिलेला आहे आणि फळ्यावर लावलेला आहे. लिहिलेलं नसतं तर त्या दिवशीच सगळं मोडलं असतं.

उधारीबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं आणि तरी मी उधारी देत राहणार. फरक एवढाच की ती गुपचूप द्यायची नाही. दर महिन्याला प्रत्येक शाळेकडे किती बाकी आहे, कोणत्या महिन्याचं अनुदान आलेलं नाही, याचा कागद समितीच्या बैठकीत जातो आणि त्याची प्रत पंचायत समितीला. आधी हा उशीर मुख्याध्यापकाच्या खिशात जिरायचा, कोणाला दिसत नव्हता. आता सगळ्यांसमोर येतो. त्याने अनुदान लवकर आलं असा दावा नाही. पण 'आमच्याकडे कुठलीही तक्रार नाही' असं आता कोणी म्हणू शकत नाही.

अंड्यासाठी मात्र ग्रामसंघ वर्गणी गोळा करत नाही. ती सरकारनेच द्यावीत, यावर आमच्या बायका तुमच्याइतक्याच ठाम आहेत.

कोरडवाहू

कागद समितीत जातो हे आवडलं. सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे लोकांसमोर हिशेब तपासायची, तरतूद या योजनेत आहेच, त्या वेळी हेच कागद काढा पुढे. बाकी माझं मत बदललेलं नाही: दोन-तीन हजार कोटींच्या कंपनीलासुद्धा नव्वद दिवसांनी बिल मिळालं तर ती ओरडते, आणि इथे बायकांनी हसतमुखाने थांबायचं.

माळरान

हसतमुखाने कोण थांबतंय! बैठकीला या एकदा.

खडूफळा

ताई, काही व्यवहारी प्रश्न. दर कसा ठरवता? आमच्याकडे टोमॅटो महिन्यात पाचावरून साठावर जातो.

माळरान

तीन महिन्यांसाठी एक दर, भाजीनिहाय. जवळच्या बाजार समितीचा मागच्या काही वर्षांचा त्या महिन्यांतला सरासरी भाव बघतो, त्यात वाहतूक आणि निवडणावळ धरतो. टोमॅटो या यादीत मुळात घेतलाच नाही, तुम्ही म्हणता त्याच कारणाने. फोडणीला लागतो तेवढा शाळा आणते. भाव फार चढला तर शेतकरी बाहेर विकायला मोकळा, पण आदल्या शनिवारी सांगायचं. न सांगता गेला तर पुढचे तीन महिने त्याचा माल नाही. आणि भाव पडला तरी ग्रामसंघ ठरलेलाच दर देतो, हे त्याच्या बाजूचं. या दुसऱ्या वाक्यावरच लोक टिकलेत.

दोन एकर

हे मान्य. पडलेल्या भावात कोथिंबीर रस्त्यावर टाकून आलोय मी. ठरलेला दर थोडा कमी असला तरी चालतो, पण मिळाला पाहिजे.

सुट्टीचं काय केलं?

माळरान

सुट्टीचं उत्तर पेरणीत आहे. शाळेचं वेळापत्रक आणि पेरणीचं वेळापत्रक एका कागदावर मांडून बसलो. दिवाळीच्या सुट्टीत माल येईल अशी लावणी या कामासाठी करायची नाही, टप्प्याटप्प्याने लावायची. जूनसाठी लाल भोपळा: उन्हाळी घेतला की सावलीत महिना-दोन महिने टिकतो, शाळा उघडली की पहिले आठवडे त्यावर निघतात. शेतकरी उत्पादक कंपनी जवळ असेल आणि तिच्याकडे साठवणीची खोली असेल तर कांदा-बटाट्याचंही होईल. आमच्याकडे ती सोय नाही.

तरी काही आठवडे असे जातात की गावात काही नसतं. तेव्हा ग्रामसंघ बाजार समितीतून आणतो आणि पावतीवर तसं लिहितो. 'गावची' म्हणून बाहेरची खपवायची नाही.

परसदार

हे शेवटचं बरं केलंत. आमच्याकडे एका संस्थेने सेंद्रिय म्हणून जे दिलं होतं त्याच्या पोत्यावर आडत्याचा मार्का होता.

खडूफळा

येत्या समितीच्या बैठकीत विषय घेतोय. केंद्रातल्या अजून तीन शाळांचे मुख्याध्यापक तयार आहेत, फोनवर बोललो. आमच्या गावात ग्रामसंघ कागदावर आहे, पण काम थंड. उमेदच्या, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारी अभियानाच्या, ताईंशी बोलतो. तुमचा करारनामा आणि पावतीचा नमुना मिळेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माळरान

करते. त्यात निवडलेल्या वजनाचं कलम आहे, ते काढू नका. आणि करार मुख्याध्यापकाच्या नावे नको, समितीच्या नावे करा. तुमची बदली झाली तर पुढचे गुरुजी 'मला माहीत नाही' म्हणतील.

कोरडवाहू

आणि त्या बैठकीच्या इतिवृत्तात आतापर्यंतच्या अनुदानाची थकबाकी महिनावार लिहून घ्या. आधी ते, मग भाजी.

खडूफळा

घेतो. हातानेच लिहीन, टाइप करायला दिलं की गाळतात.

दोन एकर

गुरुजी, तुमचं केंद्र आमच्या रस्त्यावर असेल तर सांगा. पण गवार कोण लावतंय ते आधी ठरवा, म्हणजे मी दोडका लावतो. दोघांनी गवार लावली तर शिरा काढणाऱ्या बायका आपल्याला शाळेत पाऊल टाकू द्यायच्या नाहीत.